भरून द्यायचं भांडं

परवा थोरल्यानं मंडईतून वांगी आणली. पिशवी उलटी केली तशी ओट्यावर गडगडत गेली. गुळगुळीत, चकचकीत, सगळी एका मापाची. देठाला बोट लावून बघितलं तर काटा नाही. मी म्हटलं, "बाबा रे, हे वांगं आहे का भोपळ्याचं लेकरू?" तो हसला. सून म्हणाली, "आई, काटे नाहीत ते बरंच की. चिरताना टोचत तरी नाही." आता हिला काय सांगू! अहो, टोचल्याशिवाय वांगं ताजं आहे हे कळायचं कसं? रात्री भाजी केली. खाल्ली. वाईट नव्हती, पण मला वांगं खाल्ल्यासारखं काही वाटलं नाही.

पौष लागला की माझं असं होतं. सकाळी गारठा असतो, खिडकी उघडली की धान्यबाजाराच्या मोंढ्याकडून हळदीचा वास येतो, आणि माझे कान रस्त्यावरच्या जीपकडं लागतात. गुडघे गेले म्हणून मी हिंगोलीला थोरल्याकडं आले. धाकटा गावाकडं मळा बघतो. आमचं गाव गोरेगावच्या अलीकडं. त्या काळी जिल्हा परभणी होता, आता हिंगोली झाला. पाट्या बदलल्या, मळा तिथंच आहे. दरवर्षी भोगीच्या आधी त्या मळ्यातली वांगी धाकटा गावातल्या कवसाबाईच्या घरी द्यायचा, आणि कवसाबाई त्यांची भाजी माझ्या गंजात भरून तो गंज जीपवाल्याच्या पायाशी ठेवून मला इथं पाठवायची. फडक्यात बांधलेला, अजून कोमट. मी तो गंज काहीतरी भरून परत तिच्याकडं धाडायची. अशी त्या गंजाची ये-जा किती वर्षं चालली, मोजलं नाही.

कवसाबाई श्रावणात गेली. गंज तिच्याच घरी राहिला. यंदा जिपा येतात आणि जातात, माझ्या दारात कुणी थांबत नाही. मागायचा कसा? दिलेलं भांडं मागायचं नसतं.

गंज म्हणजे आमच्याकडचं उभट, गळ्याशी जरा आवळलेलं पातेलं. माझा पितळेचा आहे. लग्नात मामानं दिला. काठाखाली ठोकून ठोकून नाव घातलंय, 'सौ. निर्मलास मामाकडून'. नाव घालणाराला जागा पुरली नाही, म्हणून त्यानं 'कडून' खाली घेतलं. तेव्हापासून माझा मामा वर आणि त्याचं 'कडून' खाली, असं लटकलेलंच आहे.

माझं लग्न झालं ते बहात्तरच्या दुष्काळाच्या सरत्या उन्हाळ्यात. त्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न करणारा बाप एक तर येडा, नाहीतर माझ्या बापासारखा. तो म्हणायचा, "पोरगी आपल्या घरी उपाशी राहण्यापेक्षा दुसऱ्याच्या घरी दोन घास खाईल." वऱ्हाडाला जेवायला काय होतं, तर रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि पाण्यासारखं वरण. पण आंदणाची भांडी मात्र घरच्यांनी कुठून कुठून गोळा करून दिली. गंज, डेचकी, परात, तांबे, वाट्या. नांदायला येताना मी नवऱ्याकडं कमी आणि भांड्यांकडंच जास्त बघितलं असेल. आणि महिना व्हायच्या आत त्यातलं एकसुद्धा भांडं घरात उरलं नाही. चोर आले नव्हते. माझ्या सासूनं गावभर वाटली!

सासूचं नाव गयाबाई. मी तिला आत्याबाई म्हणायची. काळी, काटक, आणि आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर पारावरचा माणूस 'ओ' देईल. आमची जमीन हाडोळ्याची. म्हणजे आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या गावाची कामं केली, त्याबद्दल मिळालेली. ओढ्याच्या काठचा दगडगोट्याचा तुकडा, कुणालाच नको होता म्हणून आमच्या वाट्याला आलेला. तिथं सासऱ्यांनी आणि आत्याबाईनं मिळून विहीर खणली. सासरे पुढं लवकर गेले, विहीर राहिली. आणि गंमत बघा, दुष्काळात गावातल्या मोठ्यामोठ्या विहिरींचे तळ उघडे पडले, तेव्हा त्या नको असलेल्या दगडांखाली कमरेइतकं पाणी टिकून होतं.

एरवी आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका गावच्या विहिरीवर लांब उभ्या राहायच्या, कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. त्या उन्हाळ्यात गाव आमच्या विहिरीवर आलं. पहिल्या दिवशी बायका घागरी घेऊन बांधावरच थांबल्या. पुढं यावं का न यावं, एकमेकींच्या तोंडाकडं बघून राहिल्या. आत्याबाईनं पोहरा आणि दोर त्यांच्या पुढ्यात टाकला.

"मी ओतणार न्हाई बरं का. माझे हात दुखून राहिले. आपल्या हातानं काढा अन् आपल्या हातानं न्या."

हात कसले दुखतात तिचे! सबंध दिवस दुष्काळी कामावर खडी फोडून आल्यावर मला बाजूला सारून तीच भाकरी थापायची. पण तिला कुणाच्या घागरीत वरून पाणी ओतायचं नव्हतं. एवढंच.

पाणी काढताना जे सांडायचं त्याचा एक ओघळ व्हायचा. त्या ओघळावर तिनं अंबाडी आणि चवळई टाकली. उन्हाळ्यात सगळा शिवार भाजून निघालेला, आणि आमच्या विहिरीपाशी हिरवी रेघ. ती भाजी तिनं विकली नाही. ज्या घरात बाळंतीण आहे, ज्या घरात म्हातारं अंथरुणाला खिळलंय, तिथं ती भांड्यात घालून धाडायची. भांडं कुणाचं? माझं! तिची स्वतःची तीन भांडी, ती चुलीवरच असायची. एक दिवस गंजसुद्धा निघाला.

मी रडकुंडीला आले. "आत्याबाई, माझ्या मामाचा गंज हाय तो."

"मग मामाला आनंदच व्हईल. कवसाच्या सुनेला पोरगं झालंय, पोटात घास न्हाई तिच्या."

"परत कधी येईल?"

"येईल की गं. भांड्याला पाय असतात."

आमच्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर घालतील, मूठभर दाणे घालतील, काहीच नसलं तर कढीपत्त्याची एक काडी, पण रिकामं नाही. रिकामं भांडं देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. हे कुणी शिकवत नाही, पोरींना ते दुधाबरोबरच मिळतं. पण त्या उन्हाळ्यात कुणाच्या घरात काय होतं भरायला? मिलो मोजून मापून खायची, आणि लेकरांसाठी सरकारातून मिळालेली पिठाची सुकडी तर दुसऱ्याला द्यायची चीजच नव्हे. म्हणून भांडी गेली ती गेली. ज्याच्या त्याच्या फळीवर पालथी पडून राहिली.

मग पाऊस झाला. त्याचं कौतुक सगळ्यांनी करून झालंय, मी वेगळं काय करणार. विहिरी भरल्या, आणि गाव आपापल्या विहिरीवर परत गेलं.

त्या हिवाळ्यासारखा मळा मी पुन्हा पाहिला नाही. पुढं मोटार आली, पाइप आले, पीक जास्त निघायला लागलं, पण तो पहिला मळा तो पहिलाच. पहाटे आमचे मालक, म्हणजे माझा नवरा दशरथ, मोट धरायचे. चाक कुरकुरायचं, पाणी धबकन थारोळ्यात पडायचं, आणि मी पाटाला दारं धरायची. पाणी इतकं गार की पायाची बोटं आपली वाटत नव्हती. वाफ्यात कोथिंबीर, मेथी, गाजरं, कडेनं वालाचे वेल, आणि मधोमध वांगी. काटेरी, हिरवी-जांभळी, पांढऱ्या रेघांची. दंव पडलेलं पान बाजूला केलं की खाली घोसच्या घोस. आत्याबाई त्यांच्याशी बोलायची. "काहून गं, तू काहून वाकडी? सरळ वाढायला काय पैसे पडतात?" मी हसले की मला म्हणायची, "हस. तुझ्याशी बोलले असते, पर तू ऐकतीस कुठं!" मला अजून वाटतं, माझ्या आयुष्यात मी सुखी होते ते तिथं, त्या गार पाण्यात, बोटं बधिर झालेली असताना. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला येड्यात काढलं असतं.

कारण तो मळा विकला जात नव्हता.

आत्याबाई सकाळी डोक्यावर पाटी घेऊन गावात निघायची. "वांगेऽऽ घ्या, काटेरी वांगेऽऽ!" तो आवाज. आख्ख्या गावाला ऐकू जायचा. आणि दारं लागायची. आतून आवाज यायचा, "आज न्हाई लागत." दुसऱ्या घरी, "कालचीच हाय." तिसऱ्या घरी तर आवाजच नाही, नुसती कडी वाजायची. ज्या घरांमधून उन्हाळ्यात रोज घागरी आल्या होत्या, त्याच घरांच्या कड्या. दुष्काळी कामावर पगाराच्या दिवशी भाजीचा एक ट्रक यायचा. कामं बंद झाली तरी त्या ट्रकवाल्यानं येणं सोडलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा पाराखाली उभा राहायचा आणि कुठल्या कुठल्या गावची सुकलेली वांगी विकायचा. गाव त्याच्याभोवती! आणि हाकेच्या अंतरावरची आमची पाटी दुपारी जशीच्या तशी परत. म्हशीनंसुद्धा वांग्याला तोंड लावायचं सोडलं.

एका दुपारी आत्याबाईनं पाटी उतरवली आणि विहिरीच्या कठड्यावर बसली. एकेक वांगं उचलून परत पाटीत ठेवत राहिली. मग म्हणाली, "दुष्काळ पडला तवा जात न्हवती. पाऊस आला, जात आली."

तेवढंच बोलली आणि वैरण टाकायला उठली.

आमचे मालक तसे शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी मनातलं सांगून टाकलं. त्यांचा चुलतभाऊ अकोल्याला तेलाच्या गिरणीत होता. तो बोलावत होता. "आई, संक्रांतीपर्यंत बघतो. मग बैल अन् मोट इकतो, अन् आपण सगळे अकोल्याला जाऊ. ज्या गावाला आपल्या हातची भाजी चालत न्हाई, त्या गावात विहीर घेऊन काय करायचं?" आत्याबाई म्हणाली, "तुमी जा. मी विहीर सोडून येणार न्हाई." मालक म्हणाले, "तुला एकटीला सोडून मी जाईन व्हय?" ती म्हणाली, "मंग नको जाऊ." असं त्या मायलेकांचं रोज चालायचं. मी मधे भाकरी थापत बसायची. मला अकोला नको होतं. माझी भांडी या गावात होती, हे एक कारण. आणि दुसरं, मला त्या म्हातारीचा लळा लागला होता. माझी भांडी वाटणारी, मला रोज दोन शिव्या देणारी, पण मी आजारी पडले तेव्हा माझे पाय दाबत बसलेली. तिला त्या विहिरीपासून तोडली तर ती जगणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. संक्रांत आठवड्यावर आली होती.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई गावात गेली नाही. "माझा पाय दुखतो," म्हणाली. आधी हात, आता पाय! तीन दिवस पाटी कोपऱ्यात पडून राहिली, मग ती मी उचलली. नव्या नवरीनं पाटी घेऊन गावात हिंडायचं म्हणजे तेव्हा मोठीच गोष्ट, पण माझ्या अंगात त्या दिवशी काय शिरलं होतं कोण जाणे. मी ओरडले नाही. मला ते जमायचंही नाही. मी नुसती एकेका दारापुढं जाऊन उभी राहिले. "न्हाई लागत." "न्हाई लागत." तिसऱ्या दारावर मी मनात म्हटलं, पुन्हा 'न्हाई लागत' ऐकलं तर पाटी इथंच ओतते.

ते दार कवसाबाईचं होतं. गावातलं जुनं कास्तकाराचं घर, त्यांच्या घरचं पाणी बौद्धवाड्यातल्या बायकांना वरूनच ओतलेलं. "आज न्हाई लागत," आतून आलंच. आणि अंगणातून फोडणीचा वास येत होता. वांग्याचा! ट्रकच्या वांग्याचा! माझं डोकं फिरलं. मी दार ढकललं आणि सरळ आत गेले.

कवसाबाई अंगणात उकिडवी बसली होती. पुढ्यात राख, चिंचेचा गोळा, आणि हातात माझा गंज. घासत होती. असा घासत होती की मामानं दुकानातून आणला तेव्हाही तो एवढा लखलखत नसेल.

मी म्हटलं, "काकू, तो माझा गंज हाय."

ती इतकी दचकली की गंज हातातून सुटला आणि अंगणभर घरंगळत गेला. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि मोठ्यानं रडायला लागली. मी भांडायला गेलेली, आता काय करावं कळेना. पाटी खाली ठेवून तिच्या शेजारी बसले.

"काकू, उगी. गंज घासल्याबद्दल कुणी रडत असतं व्हय?"

"दर आठवड्याला घासते गं पोरी," ती म्हणाली. "उन्हाळ्यापसून. घासते अन् परत फळीवर ठेवते. रिकामा कसा देऊ? पैल्यांदा घरात काई न्हवतं. मंग ज्वारी आली. म्हणलं मूठभर ज्वारी घालून देऊ. पर तुझ्या सासूनं माझ्या सुनेचा, नातवाचा जीव वाचिवला, पाणी पाजलं. त्याच्या बराबरीचं मी काय भरू गं ह्यात? मूठभर ज्वारी? लाज वाटती मला. ती दारात येती, मला हा गंज दिसतो. तिच्या डोळ्याला डोळा कसा देऊ? म्हणून कडी लावून घेते."

"अन् ट्रकवाल्याची वांगी घेता."

"त्याचं काय भांडं हाय का माझ्या घरात?"

माझी परात, डेचकी, तांबे ज्या ज्या घरी गेले होते, ती सगळी दारं माझ्या डोळ्यांपुढं आली. एवढ्याशा लाजेपायी आख्खं गाव कड्या लावून बसलं होतं! आणि एकीला कळत नव्हतं की दुसरीच्या घरी तेच चाललंय. उपकार करणाऱ्यालाच उन्हात उभं करायचं आणि ज्याचा आपला काही संबंध नाही त्याच्याकडं हसत जायचं, ही आमच्याच लोकांची अक्कल. तरी मी स्पष्ट विचारलं. विचारायलाच पाहिजे होतं. "काकू, खरं सांगा. नुसती भांड्याचीच लाज? आत्याबाई म्हणती, पाऊस आला, जात आली."

ती लगेच 'नाही' म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिला आजही मानते. राख हातानं सारखी करत बसली. मग म्हणाली, "माझ्या घरात हायेत तसं म्हणणारे. मी त्यांच्यातली न्हाई असं कशी म्हणू, मी बी त्याच घरातली. पर गंज मी त्याच्यासाठी न्हाई ठेवला. तुझ्या गळ्याची आण."

मला राग यायचा होता तो निम्माच आला. निम्मा तिच्या त्या चिंचेच्या बोटांकडं बघून गेला. मी म्हटलं, "काकू, परवा भोगी हाय. तुमी घरोघर भोगीची भाजी करणार. वांगी, गाजरं, वाल, समदं आमच्या मळ्यात हाय. आमची भाजी घ्या, तिचीच भोगीची भाजी करा, अन् ती ह्या गंजात भरून द्या. झालं. आमचंच आमाला, त्यात लाज कसली?"

ती रडता रडता हसायला लागली. "अगं, लई वाह्यात हायेस तू."

"सासूवर गेले," मी म्हटलं.

मग कवसाबाई गिरणीवर दळण घेऊन गेली. गावात काय पसरवायचं असेल तर गिरणीसारखी जागा नाही. काय बोलली, कुणाशी बोलली, मला माहीत नाही. पण भोगीच्या आदल्या दिवशी मी पाटी घेऊन निघाले, तर पहिल्याच गल्लीत कड्या निघायला लागल्या. कुणी वांगी घेतली, कुणी गाजरं, कुणी माझ्याकडं न बघता पदरात घेतली, कुणी म्हणाली, "उद्या येतो हं आमी." पाटी अर्ध्या गावातच संपली. मी पळत मळ्यात आले आणि दुसरी भरली. आत्याबाई म्हणाली, "कुठं ओतून आलीस?" मी सांगितलं नाही. ट्रक पाराखाली उभा होता, आणि तो बिचारा ट्रकवाला आपल्याच वांग्यांवर पाणी शिंपडत बसला होता.

भोगीच्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा आत्याबाई वाफे खुरपत होती. मला बांधावरून बायका येताना दिसल्या. एकीमागं एक. प्रत्येकीच्या हातात पदराखाली झाकलेलं काहीतरी. आत्याबाईनं खुरपं हातात तसंच धरून कंबर सरळ केली. "आता काय भांडायला आल्या का ह्या?" जवळ आल्या तशी माझी परात दिसली, माझी डेचकी, माझे तांबे, आणि सगळ्यांच्या पुढं कवसाबाईच्या हातात माझा गंज. सगळी भांडी भरलेली. सगळा मळा तिळाच्या फोडणीच्या वासानं भरून गेला. मी आत्याबाईकडं बघितलं. तिच्या हातातलं खुरपं खाली पडलं होतं, आणि तिला ते कळलं नव्हतं.

कवसाबाईनं गंज तिच्यापुढं धरला. "गयाबाई, लई उशीर झाला. रिकामं द्यायला हात व्हईना."

आत्याबाई म्हणाली, "बौद्ध झालो तवापसून आमी भोगी करत न्हाई." बायकांनी आपापली भांडी परत पदराखाली घेतली. मग ती म्हणाली, "पर भाजी खायला न्हाई कोण म्हणतंय! निर्मले, भाकरी आण." आणि कवसाबाईला म्हणाली, "बस. एकलीनं खायची सवय न्हाई मला."

ही खरी वेळ होती. भांडं भरून देणं निराळं, आणि आमच्या चुलीची भाकरी आमच्या बांधावर बसून खाणं निराळं. कवसाबाईनं एकदा मागं गावाकडं बघितलं. मग पदर खोचला, मांडी घातली, आणि माझ्या हातातली भाकरी घेऊन मोडली. दुसरी बसली. तिसरी बसली. सगळ्या बसल्या नाहीत. दोघी-तिघी 'घरी काम हाय' म्हणून भांडं ठेवून गेल्या. एका घरानं परात कोरड्या ज्वारीनं भरून बांधावर ठेवली, शिजवलेलं दिलं नाही. आत्याबाईनं ती ज्वारीही घेतली. "ज्याची जेवढी हिंमत," म्हणाली. आणि काही घरांच्या कड्या शेवटपर्यंत निघाल्या नाहीत, तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी गोडगोड सांगते आहे.

आत्याबाईनं गंजातल्या भाजीचा पहिला घास घेतला. सगळ्या तिच्या तोंडाकडं. ती सावकाश चावत राहिली. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "मीठ कमी हाय."

कवसाबाईचा चेहरा उतरला. "व्हय का? घाईत झालं बाई. पुढल्या खेपेला बराबर घालते."

"घाल," आत्याबाई म्हणाली आणि तीन भाकरी खाल्ल्या.

बायका गेल्यावर मी गंज पुसून खाल्ला. मीठ अगदी बराबर होतं. चिमूट इकडं नाही, चिमूट तिकडं नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, काहून खोटं बोललात? बिचारी एवढी जीव लावून करून आली."

"मला कळत न्हाई व्हय मीठ?" ती खुरपं पायाशी ठेवून बसली होती. "बराबर हाय म्हणले असते, तर भांडं पोचलं, फिटलं, ती सुटली अन् मी बी सुटले. मंग परत आपली कडी अन् आपली पाटी. आता बघ, येती का न्हाई ती."

आली. चारच दिवसांनी आली. "वांगी दे गयाबाई, मीठ बराबर घालून आणते," म्हणत आली. आत्याबाईनं गंजातच वांगी घालून दिली. त्यानंतर पाटी कधी भरलेली परत आली नाही. संक्रांत झाली, बैल विकले गेले नाहीत, आणि अकोल्याच्या चुलतभावाला मालकांनी मळ्यातली गाजरं धाडली. पुढं आत्याबाई त्याच विहिरीवर म्हातारी झाली, त्याच गावात गेली. आणि शेवटपर्यंत, खोटं वाटेल, कवसाबाईच्या भाजीला तिनं एकदाही बरं म्हटलं नाही. कधी मीठ कमी, कधी तिखट जास्त, कधी तीळ जरा जळले. कवसाबाईला ते कळलं होतं का? मला वाटतं पहिल्याच दिवशी कळलं असणार. एवढी सुगरण बाई, आपल्या हातचं मीठ तिला माहीत नसेल? पण दोघींनी आयुष्यभर तेवढं नाटक केलं. आणि आत्याबाई गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं.

वांगं कुणाच्याही शेतातलं खाल्लं तरी पोट भरतंच. सून म्हणते ते खोटं नाही. पण मला आपलं वाटतं, ज्याचं वांगं खातो त्याला आपली चूल माहीत पाहिजे, आणि आपल्याला त्याची विहीर. नाहीतर नुसतं घेणं आणि देणं, त्यात कुणी कुणाला नावं तरी कशी ठेवायची?

असं सगळं काल दुपारी मी मनात घोळत बसले होते, तेवढ्यात दारात एक मुलगी उभी राहिली. खांद्याला पर्स, हातात पिशवी. "निर्मला आजी इथंच राहतात ना? मी अश्विनी. कवसाबाईंची नातसून." गेल्या वर्षीच लग्न होऊन आलेली, नांदेडकडची पोरगी. हिंगोलीला कचेरीत काही काम होतं, म्हणून आली होती. तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेला गंज काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"घर आवरताना फळीवर सापडला आजी. तुमचं नाव आहे त्याच्यावर. म्हटलं तुमची वस्तू तुम्हाला परत करून टाकावी. रिकामा देऊ नये म्हणतात ना, म्हणून तुमच्या मळ्यातून वांगी मागून घेतली आणि भाजी केली. मला काही आजीसारखी येत नाही हं."

परत करून टाकावी! मला तिचा राग आला नाही, तिचा काय दोष? तिला कोण सांगणार होतं? जी सांगायची ती श्रावणात गेली. मी फडकं सोडलं. झाकण काढलं. काटेरी वांगी, तिळाचा वास, वर कोथिंबीर. गंज लखलखीत होता, चिंचेनं घासलेला. माझे डोळे भरून आले. तिला वाटलं तिखटाच्या वासानं आले. मी बोटानं रस घेतला आणि चाखला.

काय सांगू! कवसाबाईचा हात. मीठ अगदी बराबर.

पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. मी तोंड वाकडं केलं.

"भाजी झालीय चांगली," मी म्हटलं, "पर मीठ जरा कमी पडलं गं."

तिचा चेहरा एवढासा झाला. "हो का आजी? पुढच्या वेळी बरोबर घालते."

"घाल," मी म्हटलं. मग भाजी काढून घेतली, गंज धुतला, धाकट्यानं धाडलेल्या मळ्याच्या हळदीनं काठोकाठ भरला, आणि फडक्यात बांधून तिच्या हातात दिला.